नाकाची वाट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेकडेने निघाले म्हणजे एका वळणावर रस्ता एकदम उंच चढतो आणि खाली दोन पुळणी दिसतात. एक आऱ्याची, दुसरी वाऱ्याची. मध्ये खाडी, मागे सुरूचे बन. आज तेथे मोटारी थांबतात, माणसे उतरतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. माझ्या लहानपणी आजच्यासारखा रस्ता नव्हता. पुळणीवर आम्ही वाडीतली पोरे आणि खेकडे एवढीच काय ती वर्दळ असे.

त्या पुळणीवर वैशाखाच्या उन्हात धावताना माझा घोळणा नेहमी फुटे. सदऱ्याची पुढची बाजू लाल करून मी घरी आलो, की आजी मुळीच घाबरत नसे. अंगणातल्या दूर्वा खुडून ती पाट्यावर वाटी, फडक्यातून पिळी आणि त्या हिरव्या रसाचे दोन थेंब नाकात सोडी. डोक्यावर गार पाण्याची धार, नाकपुड्या चिमटीत आणि मान खाली. शेजारच्या घरी मान वर करायला सांगत. आजी म्हणे, "मान वर केलीस तर रगत पोटात जाईल. तुला कळायचंही नाही किती गेलं ते."

पुढे मी डॉक्टर झालो, तोही भूल देणारा. ज्या माणसाच्या नाकातून रक्त येऊ न देणे हे माझे कामच होऊन बसले, त्याच्याजवळ उभा असताना आजीचे ते वाक्य मला अनेकदा आठवले. आता मी निवृत्त होऊन गावी राहतो. हा लेख त्या कामाच्या इतिहासाविषयी आहे. भूलशास्त्राचा इतिहास म्हटला की ईथर, क्लोरोफॉर्म आणि बॉस्टन शहरातला 1846 सालचा तो प्रसिद्ध दिवस एवढे लोकांना ठाऊक असते. नाकातून श्वासनलिकेत नळी घालावी कशी आणि घालताना घोळणा फुटू नये म्हणून काय करावे, हा त्या मोठ्या इतिहासाचा एक कोपरा आहे. परंतु या कोपऱ्यात पुणे आहे, मुंबई आहे, आणि माझ्यापुरते आरे-वारेही आहे.

आधी हे सांगितले पाहिजे, की नळी तोंडातून घालता येत असताना नाकाची उठाठेव कशाला? कारण सोपे आहे. शस्त्रवैद्याला काम तोंडातच करायचे असेल, जबडा मोडला असेल, गालात गाठ असेल, तर तोंडातली नळी त्याच्या हाताआड येते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. काही रोग्यांचे तोंड उघडतच नाही. अशा वेळी नाक हीच एक वाट उरते, नाहीतर गळ्याला पुढून छेद घ्यावा लागतो.

ही वाट दिसते तशी सरळ नाही. आपण समजतो की नाक वर जाते, कारण ते बाहेरून तसे दिसते. खरी वाट नाकाच्या तळावरून, टाळूच्या माथ्यावरून, थेट मागे जाते. तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाचे तीन कंगोरे एकाखाली एक लोंबतात. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना लॅटिनमध्ये शिंपल्यांचे नाव दिले. वाऱ्याच्या पुळणीवर पालथा पडलेला शिंपला पाहिला, की मला ते नाव किती योग्य आहे ते पटते. या शिंपल्यांवर मऊ, ओलसर आणि रक्ताने भरलेले अस्तर असते. आत येणारी हवा ऊबदार व ओलसर करणे हे त्याचे काम. मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर तर रक्तवाहिन्यांचे जाळेच आहे. जेम्स लिटल याने 1879 साली आणि जर्मनीतल्या किसेलबाख याने 1884 साली त्याच्याकडे लक्ष वेधले. पोरासोरांचा घोळणा बहुधा तेथूनच फुटतो. मागच्या बाजूच्या रक्तवाहिन्या मोठ्या आहेत. त्या फुटल्या तर नाकपुडी चिमटीत धरून काही होत नाही.

अशा वाटेने बोटाएवढी जाड नळी न्यायची!

आपल्याकडे नाकातून काही आत घालण्याची कल्पना नवी नाही. हठयोगात सूत्रनेती आहे. वीतभर लांबीचा, चांगला तुपाळलेला दोरा नाकातून घालून तोंडातून काढायचा, असे हठयोगप्रदीपिका सांगते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले आणि अशा क्रियांचा अभ्यास शास्त्रीय कसोट्या लावून सुरू केला. दोरा मऊ हवा, तो स्निग्ध हवा आणि घाई नको, हे तिन्ही नियम त्या एका क्रियेत आहेत. आम्ही भूल देणाऱ्यांनी ते पुन्हा शिकायला बराच काळ घेतला.

सुश्रुतसंहितेत कापलेले नाक पुन्हा बसवण्याची कृती आहे आणि नवे नाक श्वासासाठी उघडे राहावे म्हणून आत दोन नळ्या ठेवायला सांगितले आहे. ही विद्या ग्रंथातच राहिली नाही. ती हातोहात चालत आली. तिचा सगळ्यांत प्रसिद्ध पुरावा पुण्याजवळचा आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर टिपूविरुद्धच्या युद्धात होता. 1792 साली तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईकडचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो व फिंडले, ती शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगेझिनमध्ये तिची हकीकत छापून आली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्रही काढले. चित्रात कावसजीचे नाव आहे, चित्रकाराचे आहे. पण ज्याने नाक घडवले त्या कारागिराचे नाव त्या हकीकतीत नाही, जात तेवढी आहे.

त्या वृत्तांतात एक लहानसे वाक्य आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे आत घालत. नाकाचे काम करणाऱ्या या कारागिराला ठाऊक होते, की नाक म्हणजे नुसती चेहऱ्यावरची शोभा नव्हे. ती श्वासाची वाट आहे आणि त्या वाटेत घालायची वस्तू मऊ असावी लागते.

हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्पू याने पुढे वीस वर्षे वाट पाहिली आणि 1814 साली तीच शस्त्रक्रिया एका लष्करी अधिकाऱ्यावर केली. तेथून पुण्याचे नाक युरोपभर गेले. पहिल्या महायुद्धात खंदकांत माणसे लढली, तेव्हा डोके तेवढे वर असे आणि गोळी चेहऱ्यावर लागे. इंग्लंडमध्ये सिडकप येथे 1917 साली अशा सैनिकांसाठी खास इस्पितळ उघडले. तेथे हॅरोल्ड गिलीज आणि त्याचे सहकारी यांनी पाच हजारांवर सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. चेहरे नव्याने घडवताना कपाळाच्या कातडीची ती जुनी हिंदी पद्धतही त्यांच्या हाताशी होती.

पण येथे भूल देणाऱ्याची पंचाईत झाली. तोवर भूल म्हणजे तोंडानाकावर जाळी धरायची आणि तीवर ईथर किंवा क्लोरोफॉर्म ठिबकवायचे. आता ज्या चेहऱ्यावर जाळी धरायची, त्याच चेहऱ्यावर शस्त्रवैद्याला काम करायचे! एक अरुंद नळी घशात सोडून तीतून ईथर फुंकावे, तर बाहेर येणारा श्वास रक्ताचे तुषार आणि ईथरची वाफ घेऊन शस्त्रवैद्याच्याच तोंडावर येई. युद्ध संपल्यावर, 1919 साली, आयव्हन मॅगिल नावाचा एक आयरिश डॉक्टर सिडकपला आला. भूलशास्त्राचे त्याचे खास शिक्षण झाले नव्हते. फौजेतला साधा डॉक्टर. भूल द्यायचे काम त्याच्या गळ्यात पडले. त्याने आणि स्टॅन्ली रोबॉथम याने मिळून हळूहळू एकच रुंद नळी श्वासनलिकेत घालण्याची रीत बसवली. रोगी त्याच नळीतून आत श्वास घेई आणि त्याच नळीतून सोडी.

नळी श्वासनलिकेत घालणे ही कल्पना मात्र मॅगिलची नव्हे. 1788 साली चार्लस् काइट नावाच्या इंग्रज डॉक्टराने बुडालेल्या माणसांना जिवंत करण्याविषयी निबंध लिहिला, त्यात तोंडातून किंवा नाकातून वाकडी नळी घालून वारा भरण्याची कृती आहे. ज्या गावच्या समुद्रात अजूनही पोहायला उतरलेले तरुण ओढीत सापडतात, त्या गावच्या माणसाला हा निबंध परका वाटत नाही. पुढे 1878 साली ग्लासगोच्या मॅक्युएनने जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रोग्याला भूल देण्यासाठी तोंडातून नळी घातली, आणि 1902 च्या सुमारास जर्मनीच्या फ्रान्झ कून याने नाकाचा मार्ग वापरला. मॅगिलचे श्रेय असे, की त्याने ही वाट रोजच्या वापरात आणली.

त्याच्या नळ्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. त्या काळी असल्या नळ्या विकत मिळत नसत. तो तांबड्या रबरी नळीचे वेटोळे आणी आणि हवे तसे तुकडे कापी. वेटोळ्यात राहिल्यामुळे नळीला आपोआप एक बाक आलेला असे, तो नाकाच्या मागे घशात वळायला बरोबर जुळे. टोके तो घासून गुळगुळीत करी. रोगी आपल्या आपण श्वास घेत असताना नळी नाकातून सरकवायची, बाहेरच्या टोकाशी कान लावायचा आणि श्वासाचा आवाज जिकडे मोठा होईल तिकडे पुढे जायचे. डोळ्यांना काही दिसायचे नाही; वाट कानाने शोधायची. मान कशी असावी हे सांगताना मॅगिल म्हणे, माणूस सकाळची ताजी हवा हुंगतो तशी. आमच्या चढणीवर उभे राहून कोणीही समुद्राची हवा हुंगावी. त्याची मान आपोआप बरोबर येईल.

आता घोळण्याकडे वळू. नाकाचे अस्तर सुजल्यासारखे भरलेले असते. ते आकसले तर वाट रुंद होते आणि नळी घासत नाही. हे साधणारे पहिले औषध निघाले कोकेन. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळा बधिर करण्यासाठी ते वापरले. नाककानघशाच्या डॉक्टरांना लवकरच दिसून आले, की ते दुहेरी काम करते. अंग बधिरही करते आणि रक्तवाहिन्या आकसतेही. त्याचे दोषही तितकेच मोठे. त्याने हृदयाची लय बिघडू शकते आणि व्यसन लागते ते वेगळेच. पुढे जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने 1901 च्या सुमारास अ‍ॅड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवले. त्याचा अगदी पातळ थेंबही अस्तर पांढरेफटक करतो. पुढच्या पिढीत नाक चोंदल्यावर घालायचे थेंब आले. झायलोमेटाझोलीन आणि 1961 सालचे ऑक्सिमेटाझोलीन. आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी ही साधी बाटली. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन तुलनेत नळीपूर्वी ऑक्सिमेटाझोलीन घालणे कोकेनइतकेच गुणकारी ठरले. शंभर वर्षे मान मिळवलेले औषध आणि सर्दीचे थेंब एका पंगतीला बसले!

हे सर्व मी आज सांगतो आहे. 1973 साली मी मुंबईत भूलशास्त्र शिकत होतो, तेव्हा यातले निम्मे मला पुस्तकात ठाऊक होते आणि हातात काहीच नव्हते.

त्या वर्षी आमच्या वाडीतले एक काका गावाहून आले. पोफळीच्या बागेत त्यांचा जन्म गेला. रहाट, पाट आणि सुपारी. तोंडात कायम सुपारीचे खांड. गेली काही वर्षे त्यांचे तोंड हळूहळू मिटत आले होते. आरंभी तिखट लागेना, मग भाकरी भिजवून खावी लागे, आणि आता एक बोटदेखील आत जाईना. हा रोग आपल्याकडचाच. पूर्व आफ्रिकेतल्या पाच हिंदी स्त्रियांत श्वार्ट्झ याने 1952 साली तो नोंदला आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींतल्या या तंतूंवर लेख लिहून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. सुपारीने तोंडातल्या मऊ अस्तराखाली तंतू वाढतात आणि गाल चामड्यासारखे ताठर होतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. पेमास्टर यांनी 1956 साली दाखवले, की अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवतो. काकांच्या गालात तोच व्रण होता.

ज्या रुग्णालयात मी होतो त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष रुग्णालयाचा नव्हता, माझा होता. काकांना जागेपणीच नाकातून नळी घालायची असे ठरले, कारण झोपवल्यावर श्वास थांबला तर तोंड उघडून काही करता आले नसते. आमच्या बाई, म्हणजे आमच्या विभागातल्या वरिष्ठ डॉक्टर, दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या. निरोप आला, जरा थांबा. मी थांबलो नाही. गावचा माणूस, आपल्या हाताने काम व्हावे, ही हौस. कोकेनचा बोळा नाकात ठेवला, पण त्याला गुण येईपर्यंत धीर धरला नाही. कोणत्या नाकपुडीतून वारा अधिक येतो हेही विचारले नाही. तांबड्या रबराची नळी घेतली, ती एक नंबर मोठी होती आणि सकाळच्या गारठ्यात ताठ झाली होती. मध्येच अडली. मी जोर लावला.

काहीतरी फाटल्यासारखे हाताला कळले, आणि मग रक्त आले. पुढून आले ते थोडे. मागून घशात गेले ते अधिक. तोंड उघडत नाही अशा माणसाच्या घशात रक्त उतरले, तर ते थुंकायचे कोठून? काका ताडकन उठून बसले, खोकू लागले, दातांच्या फटीतून लाल फेस येऊ लागला. त्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते. शस्त्रवैद्य गळ्याला छेद घेण्याची तयारी करू लागले. त्या क्षणी मला आजीचे वाक्य आठवले आणि मी काकांची मान पुढे वाकवली, एका कुशीवर घेतले, शोषक नळी दातांमागच्या फटीतून जाईल तितकी आत घातली. बाई धावत आल्या. नाकात पट्टी भरली. अर्ध्या तासाने रक्त थांबले. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. दैवाची कृपा म्हणायची, तेवढ्यावरच निभावले.

संध्याकाळी मी काकांच्या खाटेशी गेलो. मिटल्या दातांतून ते म्हणाले, "काय रं, माजं नाक म्हंजी काय बागंचा पाट वाटला तुला? पाटालासुदीक पयलं उकरून घ्याया लागतं, मंग पानी सोडत्यात." एवढे बोलून ते हसायला गेले, पण हसणेही त्या तोंडात मावेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला निवांत वेळी बोलावले. रागावल्या नाहीत. एका खुर्चीवर बसवून त्यांनी माझ्याच नाकात एक बारीक, मऊ रबरी नळी घातली. आधी थेंब, मग पुरती वाट पाहणे, मग वंगण, मग तळावरून मागे. "आता तुझ्या लक्षात येईल," त्या म्हणाल्या, "की कोठे दुखतं आणि ते कोणत्या क्षणी दुखतं." माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि सूत्रनेतीतला तुपाळलेला दोरा मला पहिल्यांदा समजला.

आठवड्याने काकांना पुन्हा घेतले. या खेपेस मी उभा होतो आणि बाई पाठीमागे. दोन्ही नाकपुड्यांपुढे आरसा धरून वाफेचा डाग कोठे मोठा पडतो ते पाहिले. जी नाकपुडी आठवड्यापूर्वी दुखावली होती ती अर्थातच सोडून दिली. कोकेन दिले आणि घड्याळ लावून थांबलो. नळी प्लास्टिकची, परदेशातून आलेली, जपून वापरायची. ती एक नंबर लहान घेतली आणि ऊन पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवली. बाहेर काढली तेव्हा ती उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी नरम झाली होती. पुढे आधी मऊ रबरी कॅथेटर घातला आणि त्याच्या मागोमाग, त्याच वाटेने, नळी नेली. अडली तेथे रेटली नाही. मागे घेतली, किंचित फिरवली, पुन्हा सोडली. कान टोकाशी होता. श्वासाचा आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि एका श्वासाबरोबर नळी आत गेली. काका खोकले. नळीच्या कडेला रक्ताचा एक थेंबही नव्हता.

शस्त्रक्रिया पार पडली. काका त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. सुपारी त्यांनी तोंडातून सोडली; बागेतून सोडणे त्यांना शक्य नव्हते. पोट तिच्यावरच होते.

त्या दिवशी बाईंनी जे शिकवले, ते त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवले असणार. ऊन पाणी, आधी कॅथेटर, लहान नळी, धीर. हे सारे त्या काळी हातचे ज्ञान होते, तोंडी चालत आलेले. पुढे त्यातल्या एकेका गोष्टीची रीतसर परीक्षा झाली. 2000 साली कोरियातल्या डॉक्टरांनी दाखवले, की नळी गरम करून मऊ केली तर रक्त कमी येते आणि नाकाला इजा कमी होते. 2007 साली अमेरिकेत लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात नळीचे टोक तांबड्या रबरी कॅथेटरमध्ये बसवून नेले असता रक्तस्राव पुष्कळ कमी झाल्याचे दिसले. खालच्या शिंपल्याच्या खालून, तळावरून जाणारी वाट वरच्या वाटेपेक्षा सुरक्षित, हेही तपासून पाहिले गेले. 1967 साली लंडनच्या पीटर मर्फीने प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूंची दुर्बीण नाकातून घालून नळी बसवली. तेव्हापासून कानाने शोधायची वाट डोळ्यांना दिसू लागली. पण दुर्बिणीपुढेही रक्ताचा पडदा आला, की ती आंधळीच होते. म्हणून घोळण्याची काळजी आजही सुटलेली नाही. उलट वाढली आहे.

आणि एक नियम, जो तरुण डॉक्टरांना मी नेहमी सांगत असे. रक्त आलेच तर घाबरून नळी ओढून काढू नये. नळीच त्या जखमेवर दाब देऊन बसलेली असते. शक्य असेल तर तिला पुढे श्वासनलिकेत पोहोचवावे आणि तिचा फुगा फुगवून फुप्फुसे वाचवावीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणारा रोगी, कवटीचा तळ मोडलेला रोगी, यांच्या नाकाच्या वाटेला आधी शंभरदा विचार केल्याखेरीज जाऊ नये.

पुण्याच्या नाकाची गोष्ट मी अर्धी सोडली होती, ती पुरी करतो. सिडकपच्या गिलीजकडे पुढे जे शिष्य शिकले, त्यांत डॉ. नोशीर अँटिया होते. ते मायदेशी परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांची बसलेली नाके पुन्हा उभी करू लागले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. पुण्याजवळच्या एका निनावी कारागिराच्या हातून निघालेली विद्या कार्पू, गिलीज असा फेरा घेऊन दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याजवळच परतली. जाताना ती कपाळाची कातडी घेऊन गेली. येताना भूल आणि नाकातली नळी घेऊन आली. कावसजीने सारे काही जागेपणी सोसले होते. कोंढव्याचा रोगी झोपेत होता. मधल्या काळात जे काही मिळवले गेले, त्याचे माप एवढ्यात येते.

तरीही मिटलेली तोंडे कमी झालेली नाहीत. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने सुपारीला कर्करोगकारक म्हणून जाहीर केले. 2012 साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. माझ्या उमेदीच्या दिवसांत मिटलेले तोंड पन्नाशीच्या बागायतदाराचे असे. निवृत्त होण्यापूर्वीच्या वर्षांत माझ्यापुढे पंचविशीतली मुले येऊ लागली होती. रंगीत पुड्यांतली सुपारी त्यांनी शाळेत असतानाच सुरू केलेली. त्यांच्या नाकपुड्यांपुढे आरसा धरताना मला दर वेळी काकांचे डोळे आठवत.

परवा संध्याकाळी चढणीवर बसलो होतो. एका मोटारीतून कुटुंब उतरले. त्यांच्या लहानग्याचा, उन्हात धावून, घोळणा फुटला. आईने घाबरून त्याची मान वर धरली. मी उठून जवळ गेलो आणि म्हणालो, "मान खाली करा, बाई. नाक चिमटीत धरा आणि जरा थांबा." ती थांबली. मुलगा तोंडाने श्वास घेत समुद्राकडे पाहत राहिला. पाचसात मिनिटांत रक्त थांबले, आणि तो पुन्हा धावायला निघाला.